मिटत्या चाकूची पारख : काही रूढ समज आणि वस्तुस्थिती

अहिल्यानगर जिल्ह्यात, ज्याचे अहमदनगर हे नाव जुन्या दप्तरांत आणि वृद्धांच्या जिभेवर अद्याप कायम आहे, राहुरी, राहाता, संगमनेर आणि श्रीगोंदे या तालुक्यांतील फळबागायतदाराच्या खिशात मिटता चाकू असणे ही नित्याची बाब आहे. आणि डाळिंबाची गुटी बांधणे, मोसंबीच्या खुंटावर डोळा भरणे, वाळलेली काडी उतरविणे, खताच्या गोणीची सुतळी तोडणे येथपासून ते बांधावरच्या जेवणात कांदा चिरण्यापर्यंत इतकी विविध कामे या एकाच हत्यारावर पडतात की, त्याच्या घडणीविषयी मालकाचे मत अनुभवाने परिपक्व झालेले असावे अशी आपली सहज अपेक्षा असते. प्रत्यक्षात मात्र ज्या लक्षणांवरून हा मालक आपल्या चाकूवर संतुष्ट किंवा असंतुष्ट होतो ती लक्षणे बहुतांशी वरवरची असतात, आणि ज्यांवर त्या चाकूचे आयुष्य खरोखर अवलंबून असते त्या गोष्टी, म्हणजे पोलादाला दिलेले पाणी, सांध्याची खीळ, कमानीचा ताण आणि मुठीची जडण, बाजारात हातात घेतलेल्या पहिल्या काही क्षणांत डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यामुळे चांगला चाकू हिणकस म्हणून परत केला जातो आणि हिणकस चाकू चकाकीच्या बळावर खिशात मुक्काम करतो.

सर्वांत दृढ समज असा की, ज्या पात्यावर डाग पडतो त्याचे पोलाद वाईट. डाळिंबाच्या मुलखात हा समज विशेष बळावला आहे, कारण गुटी बांधताना फांदीवरील अडीच-तीन सेंटीमीटर रुंदीची साल वर्तुळाकार काढली की थोड्याच वेळात साध्या पोलादाचे पाते निळसर काळे पडते, आणि दुकानदाराने आपल्याला फसविले अशी नव्या मालकाची खात्री होते. वस्तुस्थिती अशी की डाळिंबाच्या सालीत टॅनिन नावाचे द्रव्य विपुल असते, त्याचा लोहाशी संयोग होताच काळे संयुग निर्माण होते, आणि हिरडा व हिराकस एकत्र केले असता जी काळी शाई बनते तीही याच रासायनिक क्रियेचे फळ होय. हा काळा थर पात्याला खात नाही. किंबहुना तो जमल्यावर पुढील गंजाची गती काहीशी मंदावते. ज्याची धास्ती बाळगावी तो तांबडा गंज वेगळा. तो खपल्या धरतो, खाली खड्डे पाडतो, आणि सांध्यात शिरला तर चाकू उघडेनासा करतो. काळे पाते पाहून असंतुष्ट होणाऱ्या मालकाने हा भेद ध्यानी घेतला तर त्याच्या निम्म्या तक्रारी जागच्या जागी मिटतील.

याच समजाचे दुसरे अंग म्हणजे पात्यावर ‘स्टेनलेस’ असा छाप दिसला की गंजाची चिंता कायमची मिटली असे मानणे. 1913 साली इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियमयुक्त पोलाद तयार केले, तेव्हापासून चाकूच्या धंद्याचे स्वरूप पालटले हे खरे. परंतु साडेदहा टक्के किंवा त्याहून अधिक क्रोमियम असलेल्या या पोलादाचे रक्षण होते ते पृष्ठभागावरील क्रोमियम ऑक्साइडच्या अत्यंत पातळ पापुद्र्यामुळे, आणि क्लोराइडाशी दीर्घकाळ संबंध आला की तो पापुद्रा जागोजाग फुटतो. आपल्या बागायतदाराच्या दृष्टीने ही बाब केवळ पुस्तकी नाही. डाळिंबावरील तेल्या हा जिवाणूजन्य रोग छाटणीच्या हत्यारांवरून झाडाझाडांत पसरतो, म्हणून प्रत्येक झाडानंतर हत्यार सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून निर्जंतुक करावे अशी शिफारस तज्ज्ञ करतात. पाते धोतराला किंवा पायजम्याला पुसले म्हणजे काम भागले हा समज बागेला घातक आहे, त्यात मुळीच तडजोड नको. पण तेच द्रावण सायंकाळपर्यंत सांध्यात तसेच राहिले तर स्टेनलेसवरसुद्धा बारीक टाचणीएवढे खड्डे उमटतात, आणि मग मालक कारखान्याला दोष देतो. काम संपल्यावर चाकू उघडा ठेवून साध्या पाण्याने धुणे, पूर्ण कोरडा करणे आणि खिळीत तेलाचा एक थेंब सोडणे, एवढ्याने हा दोष टळतो.

आता पोलादाच्या कठीणपणाकडे वळू, कारण या विषयाचा गाभा तेथेच आहे. पाते जितके कठीण तितके उत्तम, ही समजूत शिकल्यासवरल्या लोकांतही आढळते. आपले लोहार आणि गावोगाव पाल ठोकून राहणारे घिसाडी हे सत्य पिढ्यान्‌पिढ्या जाणतात की, पोलाद लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडविल्याने ते कठीण होते खरे, परंतु त्या अवस्थेत ते इतके ठिसूळ असते की दगडावर पडताच तुकडे व्हावेत. म्हणून त्यास पुन्हा मंद आचेवर तापवून त्याचा थोडा कठीणपणा बुद्ध्या कमी करावा लागतो, आणि पात्यावर वाळल्या गवतासारखा पिवळसर रंग चढताच आच थांबवावी लागते. साध्या पोलादासाठी पहिली उष्णता सुमारे 800 अंश सेल्सियस आणि दुसरी साधारण 150 ते 250 अंशांच्या दरम्यान असते. या दुसऱ्या आचेतील चुकीमुळेच दोन परस्परविरुद्ध तक्रारी उद्भवतात : आच कमी पडली तर धारेचे कण उडतात आणि टोक मोडते, जास्त झाली तर धार दुमडते व दर दोन दिवसांनी दगड मागते. स्वित्झर्लंडातील व्हिक्टोरिनॉक्स, ज्या पेढीने 1891 पासून आपल्या देशाच्या सैन्याला चाकू पुरविले आणि 1897 साली अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूचे हक्क नोंदविले, ती आपल्या पात्यांचा कठीणपणा रॉकवेल मापाने केवळ 55-56 च्या आसपास ठेवते. त्याहून पुष्कळ कठीण पोलाद आज मिळते. तरीही हा मध्यम मार्ग पत्करण्याचे कारण हे की, खिशातला चाकू सर्व प्रकारच्या हातांत जाणार, त्याची धार घरच्या दगडावर लागली पाहिजे आणि टोक सहज मोडता कामा नये. ज्या मालकास अतिशय कठीण पात्याचा अभिमान वाटतो त्याला त्या पात्यास धार लावण्यासाठी हिऱ्याच्या चूर्णाची पट्टी विकत घ्यावी लागते, हे खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही.

आणि येथे एक अन्याय सांगितलाच पाहिजे, जो मला मनापासून सलतो. उत्तम पाणी दिलेले पाते आठवडी बाजारात विजेच्या कोरड्या सानेवर धरले जाते, ठिणग्यांचा वर्षाव होतो, मालकास समाधान वाटते की धार जोरकस लागत आहे. पण त्या घर्षणाने पात्याची पातळ कड क्षणार्धात 300 अंशांच्या वर जाते, तिच्यावर निळी छटा उमटते, आणि कारागिराने मोठ्या दक्षतेने दिलेले पाणी तेवढ्या भागापुरते कायमचे उतरते. पुढे तो चाकू धार धरीनासा होतो आणि ठपका बनविणाऱ्यावर येतो. जुने शिकलगार आपल्या सानेवर पाणी सोडत आणि पाते थांबून थांबून धरीत, त्यामागे हीच समज होती. धारेवर निळा रंग दिसला तर तेवढा भाग हळूहळू झिजवून काढण्यावाचून इलाज नाही.

पहिल्या दिवशीची तीक्ष्णता ही घडणीची साक्ष होय, हाही समज टाकून द्यावा. कोणत्याही पोलादाला एक दिवसापुरती धार लावता येते.

सांध्याविषयीचे गैरसमज अधिक सूक्ष्म आहेत. नवा चाकू उघडताना नख दुखले तर ‘पक्का आहे’ आणि अलगद उघडला तर ‘ढिला आहे’, असा निवाडा दुकानातच होतो. ताठरपणा हा पुष्कळदा खिळीभोवती राहिलेल्या कडांचा किंवा कोरड्या घर्षणाचा परिणाम असतो. चांगल्या सांध्याची खूण अशी की पाते एकसारख्या ओढीने उघडते, पूर्ण उघडल्यावर स्पष्ट आवाज करून बसते, आणि मूठ घट्ट धरून पाते डावी-उजवीकडे दाबले असता हलत नाही. पितळी चकत्या बसविलेली खीळ आपल्या काळ्या मातीच्या धुळीतही पुष्कळ काळ टिकते, मात्र त्या धुळीत तेल मिसळून जो लगदा होतो तो वेळोवेळी धुऊन काढावा लागतो. लाकडी मुठीचा चाकू पावसाळ्यात आवळला जातो, तो दोष लाकडाचा स्वभाव म्हणून सोडून द्यावा. 1890 पासून फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतात बनणारा ओपिनेल चाकू जगभर नावाजला गेला तरी त्याची बीच लाकडाची मूठ भिजली की फुगते व पाते निघता निघत नाही, आणि मूठ वाळल्यावर पूर्ववत होते.

पाते उघडे राहते म्हणजे ते अडकलेले आहे, हा मात्र बोट गमावण्याजोगा भ्रम आहे. साध्या मिटत्या चाकूत पात्यामागची कमान केवळ ताणाने पाते थोपवून धरते. टोक कशात खुपसून उलट दिशेने जोर लावला तर ते बोटांवर मिटते. खटक्याच्या चाकूत पात्यास प्रत्यक्ष अडसर असतो, ओपिनेलने 1955 साली आपल्या चाकूस फिरते कडे बसविले ते याच हेतूने. तथापि खटका झिजतो, त्यात माती बसते; म्हणून खटक्याच्या भरवशावर पाते पहारीसारखे वापरण्याची मुभा कोणालाही नाही. मोडलेल्या टोकांच्या तक्रारी ऐकल्या तर चौकशीअंती बहुधा डबा उचकटला होता किंवा स्क्रू फिरविला होता असे निघते, आणि साहित्य व कारागिरी यांतील दोषांपुरती दिलेली हमी अशा गैरवापराला लागू होत नाही, हे हमीपत्राच्या कलमांत लिहिलेले असते.

वजनाचेही तसेच. जड चाकू म्हणजे मजबूत चाकू असे मानणाऱ्याने ओपिनेलचा 8 क्रमांकाचा चाकू पाहावा : साडेआठ सेंटीमीटरचे पाते, आणि वजन सुमारे 45 ग्रॅम. जाड पात्याने डोळा भरताना साल फाटते. पातळ पात्याने ती स्वच्छ उघडते.

शिक्क्यांवरील श्रद्धेबद्दल थोडेच सांगतो. जर्मनीतील सोलिंगेन या नगरनामाला 1938 पासून कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे तो शिक्का अस्सल असेल तर त्यास अर्थ आहे. फ्रान्समधील लागिओल हे नाव मात्र कोण्या एका कारखान्याची मालकी नसल्याने त्याच्या नावाखाली उत्तम आणि टाकाऊ असा दोन्ही माल जगभर विकला जातो. शिक्क्यावर किंमत देण्यापूर्वी तो कशाची ग्वाही देतो हे पाहावे.

कलमांच्या चाकूबाबत एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मृदुला व भगवा यांसारखे डाळिंबाचे वाण दिले आणि फळबागांबरोबर रोपवाटिकाही वाढल्या. तेथे वापरले जाणारे कलमांचे चाकू पुष्कळदा एकाच बाजूने घासलेले असतात, दुसरी बाजू सपाट असते, आणि ही रचना उजव्या हाताला अनुकूल असते. डावखुऱ्या माणसाच्या हातात हाच चाकू तिरका जातो, काप वाकडा येतो, आणि तो चाकूस निरुपयोगी ठरवितो. त्याने डाव्या हातासाठी घासलेले पाते मागावे, किंवा दोन्ही बाजूंनी धार असलेले घ्यावे.

परवान्याची धास्तीही अनेकांना वाटते. 1959 च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांची गणना शस्त्रांत होते, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक उपयोगासाठी बनविलेली पाती त्यांतून वगळली आहेत. बागायतदाराचा तीन-साडेतीन इंची चाकू त्या मर्यादेच्या पुष्कळच आत राहतो. परंतु 1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 अन्वये जिल्ह्यात मनाई हुकूम जारी असेल तेव्हा सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगणे हा गुन्हा ठरू शकतो. म्हणून यात्रेच्या किंवा निवडणुकीच्या दिवसांत तो घरी ठेवणे श्रेयस्कर.

तेव्हा वाचकांस माझी विनंती एवढीच की, चाकूवर मत देण्यास एक संपूर्ण बहार जाऊ द्यावा. खरेदीच्या दिवशी चकाकी आणि वजन यांकडे न पाहता पाते मिटवून ते मुठीच्या मध्यभागी बसते की एका बाजूस घासते हे पाहावे, उघडून डोलते का हे पाहावे, मुठीच्या खिळ्यांवरून बोट फिरवून कोठे कड लागते का ते तपासावे. नंतर तो चाकू दररोज धुऊन, पुसून, तेल लावून वापरावा, आणि धार लावण्यास पाण्याचा दगड घरी ठेवावा. एवढे करूनही हंगामाअखेर पाते हलू लागले किंवा धार दुमडत राहिली तर दोष घडणीचा आहे असे निःशंकपणे समजून तो चाकू दुकानदारास परत करावा.