बंदर पायलट आणि जहाजांची टक्कर

पायलट कोण? बंदराच्या खाडीमार्गाची, भरती-ओहोटीची आणि उथळ जागांची जाण असलेला अनुभवी नाविक. तो छोट्या लाँचमधून येऊन जहाजावर चढतो.

अधिकार कोणाचा? पायलट मार्ग सांगतो. जहाजाची अंतिम जबाबदारी कप्तानाचीच राहते. पनामा कालवा हा अपवाद. तिथे जहाज चालवण्याचा ताबा पायलटकडे असतो.

नेहमीच्या चुका
• कप्तान व पायलट यांच्यात निघण्यापूर्वी पुरेशी चर्चा न होणे
• रडार किंवा नकाशावरील चिन्हांचा चुकीचा अर्थ लावणे
• धुक्यात वेग कमी न करणे
• समोरच्या जहाजाचा हेतू गृहीत धरणे
• थकवा, औषधांचा परिणाम

नियम : टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२चे, अंमल १९७७पासून. यंत्रचलित जहाजे समोरासमोर आल्यास दोघांनी उजवीकडे वळावे.

ठळक घटना
• हॅलिफॅक्स, ६ डिसेंबर १९१७ : ‘मों-ब्लां’ आणि ‘इमो’ यांची टक्कर, दोन्हींवर पायलट. स्फोटकांच्या स्फोटात सुमारे २,००० मृत्यू.
• सॅन फ्रान्सिस्को, ७ नोव्हेंबर २००७ : ‘कॉस्को बुसान’ दाट धुक्यात पुलाच्या खांबाला घासले. औषधांमुळे पायलटची आकलनशक्ती मंदावल्याचा चौकशीतील निष्कर्ष. कप्तानाच्या अपुऱ्या देखरेखीवरही ठपका.
• मुंबई, ७ ऑगस्ट २०१० : बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ यांची टक्कर. ‘चित्रा’वर सुमारे १,२०० कंटेनर, त्यांतील अनेक समुद्रात पडले. तेलगळती झाली, जहाजांची ये-जा काही दिवस ठप्प.