शिक्का नाही? मग नक्षी वाचा!

अमेरिकेतल्या आपल्या काही श्रोत्यांच्या घरी सासरकडून एखादा जड, लखलखणारा कट ग्लासचा बाऊल आलेला असतो. तळाला कंपनीचं नाव दिसत नाही, म्हणून तो साधा समजला जातो आणि थेट गराज सेलच्या टेबलावर जातो. तसं होऊ नये, म्हणून आजचा हा भाग.

अमेरिकन कट ग्लासचा बहराचा काळ म्हणजे 1876 चं फिलाडेल्फियाचं प्रदर्शन ते पहिलं महायुद्ध. काचेवर शिक्का उमटवायची पद्धत रुळली ती मात्र 1890 च्या दशकात आणि त्यानंतर. म्हणजे त्याआधीच्या उत्तम भांड्यांवरही शिक्का नसणारच.

आधी भांडं खरंच कापलेलं आहे का, ते बघा. नक्षीवरून हलकेच बोट फिरवा. चाकावर कापलेल्या काचेच्या कडा बोटाला धारदार लागतात. साच्यात दाबलेल्या काचेच्या कडा गोलसर असतात आणि बाजूला साच्याची शिवण दिसते.

मग शिक्का शोधा. तो आम्लाने उमटवलेला, अगदी पुसट असतो, त्यामुळे दिव्याखाली भांडं तिरपं करत राहायचं. बाऊलच्या आतल्या बाजूला तळाच्या मध्यावर, जगच्या कानाजवळ, पेल्याच्या पायावर बघा. लिबीच्या नावाखाली तलवार असते, तर हॉक्सच्या तीन पाकळ्यांच्या चिन्हात दोन ससाणे. होअर कंपनीच्या गोल शिक्क्यात 1853 असं लिहिलेलं असतं. ते कंपनीच्या स्थापनेचं साल आहे हं, तुमच्या बाऊलचं नाही! आणि एक सावधगिरी: खोटे शिक्केही मारले जातात. आजूबाजूला वापराचे ओरखडे आहेत, पण शिक्क्यावरून एकही जात नाही, असं दिसलं तर शंका घ्या.

आता मुख्य मुद्दा. नक्षीचं नाव आणि कंपनीचं नाव हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ‘रशियन’ ही ताऱ्यांचं दाट जाळं असलेली नक्षी घ्या. तिचं पेटंट 1882 मध्ये हॉक्स कंपनीच्या फिलिप मॅकडोनाल्ड यांना मिळालं. पण 1891 मध्ये व्हाइट हाउससाठी याच नक्षीचा संच बनवला डॉर्फ्लिंगर कंपनीनं! म्हणून ‘रशियन दिसतेय, म्हणजे हॉक्स’ असं म्हणता येत नाही.

नक्षी ओळखताना तिचे तुकडे पाडा. ताऱ्याला टोकं किती, आठ, सोळा की चोवीस? ताऱ्याच्या मध्यभागी काय कोरलंय? दोन ताऱ्यांमध्ये पंखा आहे की बारीक चौकटी? भांडं काळ्या कापडावर ठेवून वरून आणि बाजूनं फोटो काढा. मग कंपन्यांच्या जुन्या कॅटलॉगशी एकेक तुकडा ताडून बघा. कॉर्निंग म्युझियम ऑफ ग्लासच्या ग्रंथालयात आणि अमेरिकन कट ग्लास असोसिएशनकडे असे कॅटलॉग आहेत. सगळे तुकडे त्याच क्रमानं जुळले, तरच नक्षी जुळली म्हणायची. एकच तारा जुळून चालत नाही, कारण तो सगळ्यांनीच कापलाय.

आणि हो, ओळख पटेपर्यंत भांडं डिशवॉशरमध्ये घालू नका. त्यानंतरही नकोच! एकदम गरम पाणी लागलं तर जुनी काच तडकते.

तुमच्या घरातल्या नक्षीत काय काय सापडलं, ते आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!