जिन्यातल्या चपला आणि शॉप ॲक्ट

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर संध्याकाळी सहाला जिन्यात बावीस जोड चपला-बूट उतरतात. आत आठवी-नववीचं गणित चालू असतं. चार वर्षांपूर्वी तिथे राहणाऱ्या ताई शेजारच्या मुलीला अपूर्णांक समजावायला बसल्या, त्याचा हा क्लास झाला. फी महिन्याला दीड हजार. परवा एका पालकाने पावती मागितली, त्याच आठवड्यात सोसायटीचं पत्र आलं. ताईंनी मला गाठलं, "आता क्लास रजिस्टर करायलाच हवा का हो?"

गंमत अशी की 'क्लास रजिस्टर करणं' नावाचं एकच काम महाराष्ट्रात नाही. खाती वेगळी, कायदे वेगळे, आणि प्रत्येकाची मर्यादाही वेगळी.

सगळ्यात जास्त धास्ती जीएसटीची, म्हणून आधी तिचाच हिशेब करू. शाळेच्या फीवर जीएसटी नाही, पण खासगी क्लासवर 18 टक्के आहे, हे ऐकून माणूस दचकतो. मात्र सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली तरच नोंदणी सक्तीची होते. ताईंची बावीस मुलं, अकरा महिने, दीड हजार रुपये : झाले 3 लाख 63 हजार. याच फीत 20 लाख ओलांडायचे तर 122 मुलं लागतील, तेवढी दिवाणखान्यात मावणार नाहीत. 'वजन पडतं' म्हणून हौसेने नंबर घ्यावा, तर दीड हजारावर 270 रुपये चढतात आणि ते पालकांच्या खिशातून जातात. हा सल्ला देणारे भेटतात. त्यांचं ऐकू नये.

शॉप ॲक्टचं, म्हणजे मुंबईकरांच्या गुमास्त्याचं, प्रकरण सोपं आहे. 2017 चा कायदा आल्यापासून मोजकेच कामगार असतील तर नोंदणी लागत नाही. काम सुरू केल्यापासून 60 दिवसांत ऑनलाइन माहिती कळवायची आणि पोचपावती घ्यायची. ती पोचपावती म्हणजे परवाना नव्हे. शिकवण्याच्या दर्जाबद्दल ती काहीच सांगत नाही, त्यामुळे जाहिरातीत 'शासनमान्य क्लास' छापणं ही शुद्ध फसवणूक आहे.

व्यवसाय कर मात्र बहुतेकांच्या लक्षातच नसतो. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला तो वर्षाला 2,500 रुपये पडतो. पासष्टी ओलांडलेल्यांना माफ आहे, हे निवृत्त गुरुजींनी ध्यानात ठेवावं. आयकराचा आणि नोंदणीचा तर संबंधच नाही. फी रोख घ्या नाहीतर यूपीआयने, ते उत्पन्नच. म्हणून आधी एक वही घाला : मुलाचं नाव, तारीख, रक्कम, पावती क्रमांक. पालकाला हवी असलेली पावती या वहीतूनच देता येते, त्यासाठी कुठल्याही नंबराची गरज नाही.

'उद्यम' नोंदणी 2020 पासून आधारवर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. क्लासच्या नावाने करंट अकाउंट उघडायला किंवा कर्ज मागायला ती कामी येते. सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या खासगी साइट यासाठी पैसे उकळतात, एवढं जपावं.

कोचिंगबद्दल केंद्राच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांचा गवगवा बराच झाला. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, हे वाचून ताईही हबकल्या होत्या. पण त्या सूचनांतली 'कोचिंग सेंटर'ची व्याख्या पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांची आहे आणि त्या अमलात आणणं राज्यांच्या हाती आहे. शेजारी गोव्यात कोचिंग क्लासचा स्वतंत्र कायदा 2001 पासून आहे, तिथल्यांनी तो आधी पाहावा. आणि दिवसा शाळेत शिकवणाऱ्यांनी तर हा लेख बाजूलाच ठेवावा : शिक्षण हक्क कायद्याचं कलम 28 शिक्षकाला खासगी शिकवणीच करू देत नाही.

खरी अडचण सरकारची नाही, जिन्याची आहे. सोसायटीला शॉप ॲक्टची पोचपावती दाखवून भागत नाही. घरात क्लास चालवायला समितीची लेखी संमती वेगळी मिळवावी लागते, आणि ती बहुधा चपला, सायकली आणि गोंगाट यांवर अडते.

ताईंनी शॉप ॲक्टची माहिती भरली, 'उद्यम' केलं, व्यवसाय कराचं चलन भरलं. जीएसटीच्या वाटेला गेल्या नाहीत. चपलांचा रॅक आता दाराच्या आत आहे, आणि समितीचं उत्तर यायचं आहे.