दवाखाना संपला, उपचार संपला नाही



मुंबई, पुणे, सुरतेला कामाला गेलेल्या पोरांसोबत 'एमडी' म्हणजे मेफेड्रोनचे नाव बुलढाणा जिल्ह्यातल्या वस्त्यांतही पोचले आहे. 2015 साली ही पूड अमली पदार्थ कायद्याखाली आली. पोरगा ओपीडीत जातो, समुपदेशन घेतो, दोन-तीन महिन्यांत सावरतो. घरचे म्हणतात, "सुटलं एकदाचं!" आम्ही सांगतो, खरी परीक्षा इथून सुरू होते.

कारण मेंदूत आहे. आनंदाची जाणीव देणारे डोपामाइन ही नशा एकदम उधळते. नशा थांबली की बरेच दिवस जेवण, काम, लेकरू, कशातच गोडी वाटत नाही. हा आळस नव्हे, माजही नव्हे. याच वर्गातल्या मेथॅम्फेटामाइनच्या रुग्णांची अमेरिकेत मेंदू-तपासणी झाली. 12 ते 17 महिने नशेपासून दूर राहिल्यावर डोपामाइनची यंत्रणा बरीच सावरलेली दिसली. स्मरणशक्ती मात्र तेवढी सुधारली नव्हती. म्हणून वर्ष-दीड वर्ष धीर धरायचा.

एमडी सोडवणारी खास गोळी अजून नाही. समुपदेशन आणि पाठपुरावा हाच उपचार. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगणही घरच्यांना उपचारात सामील करून घेते.

घरी एवढे करा:

- बरे वाटले तरी ओपीडीची तारीख चुकवू नका.
- हातात मजुरी पडली की तल्लफ उठते. त्याच्याच संमतीने सुरुवातीला पैसे आई किंवा बायकोकडे ठेवा.
- तपासणीत नशा आढळली नाही की शाबासकी द्या, आवडीचे काही करून घाला. छोट्या बक्षिसांचा उपयोग होतो, हे संशोधनाने दाखवले आहे.
- दारूही नको. ती पुन्हा एमडीकडे ओढते.
- घसरला तर हाकलू नका. त्याच आठवड्यात दवाखान्यात न्या.

छातीत दुखले, झटके आले, अंग भाजल्यासारखे तापले तर लगेच 108. जीव नकोसा झाल्याची भाषा असेल तर टेलिमानस 14416. व्यसनाबाबत सल्ल्यासाठी 14446.

पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका. नशा केल्याचा किंवा अल्प प्रमाणातल्या मालाचा आरोप असेल आणि माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर कलम 64अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ते काढून घेतले जाऊ शकते.

पाचवे शील आपण एकदा घेऊन थांबत नाही, वंदनेला बसलो की पुन्हा घेतो. नशा सोडणाऱ्यालाही रोज नव्याने ठरवावे लागते. त्याला 'गर्दुल्ला' म्हणू नका. नावाने हाक मारा आणि विहारात शेजारी बसवा.