जुनी गाडी दुरुस्तीला कुठे न्यावी?
कंपनीचे सर्व्हिस सेंटर की ओळखीचे गॅरेज?

आपल्या वस्त्यांमधून पूर्वी सायकली दिसत, आता मोटरसायकली दिसतात. कुणी कर्ज काढून टॅक्सी घेतली आहे, कुणी मालवाहू टेम्पो, तर कुणी दहा वर्षे वापरलेली मोटार घरच्यांसाठी विकत आणली आहे. गाडी घेताना सारे घर बसून हिशेब करते. हप्ता किती, पेट्रोल किती, विमा किती, हे सारे वहीत लिहिले जाते. दुरुस्तीचा खर्च मात्र त्या वहीत बहुधा नसतोच. मग एके दिवशी गाडी बंद पडते आणि प्रश्न उभा राहतो, न्यायची कुठे?

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये न्यावी तर बिल पाहून छातीत धडकी भरते. नाक्यावरच्या गॅरेजात न्यावी तर मनात शंका, हा मिस्त्री चांगला पार्ट घालील की डुप्लिकेट? टॅक्सीवाल्याची अडचण तर दुहेरी असते. दुरुस्तीचे पैसे जातात आणि गाडी जितके दिवस उभी राहील तितक्या दिवसांची कमाईही बुडते. म्हणून हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

बिल कसे तयार होते?

दुरुस्तीच्या बिलात मुख्य तीन गोष्टी असतात. सुटे भाग, मजुरी आणि कर.

कंपनीच्या सेंटरमध्ये प्रत्येक कामाला किती तास लागतात, हे कंपनीने आधीच ठरवून दिलेले असते. ठरलेले तास गुणिले तासाचा दर, ही मजुरी. कारागिराने काम लवकर संपवले तरी मजुरी बहुधा तेवढीच लागते. त्या दरात मोठ्या जागेचे भाडे, महागडी यंत्रे, कारागिरांचे प्रशिक्षण आणि ऑफिसचा पगार हे सारे धरलेले असते. नाक्यावरच्या गॅरेजला एक गाळा, दोन पोरे आणि मिस्त्रीचा हात, एवढाच खर्च. म्हणून त्याची मजुरी कमी.

एक हिशेब करून पाहू. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, क्लच बदलायचा आहे. सेंटरमध्ये ५ तास, तासाला ८०० रुपये, म्हणजे मजुरी ४,००० रुपये. पार्ट ६,००० रुपयांचे. बेरीज १०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ११,८०० रुपये. गॅरेजात पार्ट करासह ४,५०० रुपयांना आणले आणि मजुरी १,५०० दिली, तर काम ६,००० रुपयांत झाले. जवळजवळ निम्मे!

पण थांबा. गॅरेजवाल्याने हलकी क्लच प्लेट घातली आणि ती सहा महिन्यांत जळाली तर? पुन्हा ६,००० रुपये. दोन्ही मिळून १२,००० झाले, म्हणजे सेंटरपेक्षा २०० रुपये जास्तच, आणि गाडी दोनदा उभी राहिली ती वेगळीच. तेव्हा स्वस्त बिल आणि स्वस्त दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कराबाबतही एक लक्षात ठेवा. गाडीच्या बऱ्याच सुट्या भागांवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सर्व सुट्या भागांवर तो १८ टक्के झाला आहे. मजुरीवरही १८ टक्केच आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या लहान गॅरेजला साधारणपणे जीएसटीची नोंदणी करावी लागत नाही. अशा गॅरेजने बिलात जीएसटी लावताच कामा नये. लावला असेल, तर बिलावर नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहा.

दुरुस्ती की अदलाबदल?

खर्चातील मोठा फरक मजुरीपेक्षाही कामाच्या पद्धतीत असतो. गाडीचा सेल्फ लागत नाही, असे समजा. कंपनीच्या सेंटरमध्ये बहुधा पूर्ण सेल्फच बदलून देतात. त्यांना कामाची हमी द्यायची असते आणि एकेक भाग उघडत बसायला वेळ नसतो. गॅरेजातला इलेक्ट्रिशियन मात्र तोच सेल्फ खोलतो, झिजलेले कार्बन ब्रश आणि बुश बदलतो, आर्मेचर साफ करतो आणि परत बसवून देतो. खर्चात जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

हा अनुभव केवळ आपल्या गरिबांच्या गाड्यांचा नाही. परदेशात ज्यांना स्पोर्ट्स कार म्हणतात, त्या वेगवान आणि महागड्या गाड्यांच्या मालकांनाही तो आला आहे. जर्मनीच्या पोर्शे कंपनीच्या १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या बॉक्स्टर आणि ९११ या गाड्यांचेच उदाहरण घ्या. त्यांच्या इंजिनात आतल्या बाजूला एका शाफ्टला आधार देणारे लहानसे बेअरिंग होते. ते काही गाड्यांमध्ये तुटले आणि सारे इंजिन निकामी झाले. ते बेअरिंग सुटे बदलण्याची सोय कंपनीने ठेवली नव्हती. म्हणजे डीलरकडे गेले तर इंजिनच बदलण्याची गोष्ट! तेव्हा बाहेरच्या स्वतंत्र कारागिरांनी डोके लढवले. जुने बेअरिंग ओढून काढण्याचे हत्यार तयार केले, जास्त मजबूत बेअरिंग बनवले आणि क्लचचे काम निघाले की त्याच वेळी तेही बदलून देऊ लागले. इंजिन नव्याने घेण्याच्या मानाने हा खर्च फारच थोडा होता. अशा जुन्या स्पोर्ट्स कार पुष्कळ मालक मुदतीची वॉरंटी संपली की डीलरऐवजी, त्याच एका जातीच्या गाडीचे काम करणाऱ्या स्वतंत्र गॅरेजकडे नेतात.

आपल्या मुंबईतही याहून मोठा दाखला घडला. काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. तिचे उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबले. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. कारखाना बंद झाल्यावर वीस वर्षांहून अधिक काळ या टॅक्स्या कुणी चालत्या ठेवल्या? गल्लीबोळातल्या मिस्त्रींनी, लेथ मशीनवाल्यांनी आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने पार्ट विकणाऱ्यांनी!

कंपन्यांची मक्तेदारी आणि आपला हक्क

गॅरेजवाल्याला चांगले पार्ट मिळाले नाहीत, तर तो चांगले काम करणार कसे? हाच प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढे २०११ साली एका ग्राहकाच्या तक्रारीने गेला. मोटार कंपन्या अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याची यंत्रे खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, असे चौकशीत आढळले. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या त्याविरुद्ध दाद मागायला गेल्या. २०१६ च्या डिसेंबरमध्ये अपील न्यायाधिकरणाने अपील केलेल्या काही कंपन्यांचा दोष कायम ठेवला, पण दंडाची रक्कम कमी केली.

आयोगाच्या त्या आदेशात आपल्या कामाची एक गोष्ट होती. गाडी बाहेरच्या गॅरेजात दाखवली, एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. अमेरिकेतही १९७५ सालच्या वॉरंटी कायद्याने ग्राहकाला अशाच तऱ्हेचे संरक्षण दिले आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टु रिपेअर’, म्हणजे दुरुस्तीचा हक्क, या नावाचे पोर्टल सुरू केले. त्यात मोटारगाड्यांचाही समावेश आहे.

मग कोणते काम कुठे?

कंपनीच्या सेंटरमध्ये न्यावी अशी कामे: वॉरंटीतील गाडीचे काम. एअरबॅगचे काम. एबीएस ब्रेकच्या इलेक्ट्रॉनिक भागाचे काम. एखादा दोष मान्य करून कंपनीने गाड्या परत बोलावल्या असतील, तर ते काम. त्याचे पैसे कंपनी घेत नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांच्यातील बराचसा दोष स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही. ज्या गॅरेजकडे स्कॅनर नाही, तेथे अंदाजाने एकेक पार्ट बदलत बसतात आणि पैसा वाया जातो.

चांगल्या गॅरेजात करावी अशी कामे: वॉरंटी संपल्यावर ऑइल बदलणे, ब्रेक लायनर, क्लच, शॉकॲब्सॉर्बर, सेल्फ, अल्टरनेटर, सायलेन्सर, बुश आणि डेन्टिंग-पेन्टिंग. ज्या गाडीचे उत्पादनच थांबले आहे, तिचा तर बहुतेक आधार गॅरेजच असतो. यामाहा आरएक्स १०० या वेगवान मोटरसायकलीचे उत्पादन १९९६ साली थांबले, तरी तरुणांना तिचे वेड आजही आहे. तिचे काम जाणणारा जुना मिस्त्री सापडला, तर त्याला सोडू नये.

विम्याचाही विचार करा. अपघात झाल्यावर विमा कंपनी नव्या पार्टची पूर्ण किंमत देत नाही. साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिकचे भाग आणि बॅटरी यांची ५० टक्के घट धरतात. धातूच्या भागांवर पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि दहा वर्षांपुढच्या गाडीला ५० टक्के घट धरतात. म्हणजे जुनी गाडी सेंटरमध्ये टाकली आणि ‘विमा देईल’ म्हणून निर्धास्त राहिले, तर बिलाचा मोठा भाग आपल्याच खिशातून जातो. आधी विमा कंपनीला कळवावे, सर्व्हेयरने गाडी पाहावी, आपल्या वाट्याला किती येणार ते विचारावे आणि मगच काम सुरू करू द्यावे.

पैसे देण्यापूर्वी हे करा

१. काम सुरू होण्याआधी लेखी अंदाज घ्या. पार्टचे नाव, कंपनी, किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. ‘विचारल्याशिवाय जास्तीचे काम करू नये’ असेही त्यावर लिहा.

२. पार्ट तीन प्रकारचे असतात. गाडीच्या कंपनीच्या डब्यातला, तोच पार्ट बनवणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या डब्यातला आणि नकली. दुसरा प्रकार बहुधा स्वस्त आणि चांगला पडतो. सीलबंद डबा, छापील किंमत आणि दुकानाचे पक्के बिल पाहूनच घ्या. पुण्यात नाना पेठेत दोन-तीन दुकाने फिरलात तर भाव कळतो.

३. ब्रेक, स्टीअरिंग आणि टायर यांत नकली किंवा जुना भाग कधीही घालू नका. येथे वाचवलेले शंभर रुपये जिवावर बेततात.

४. काढलेला जुना पार्ट परत मागा. तो खरोखर बदलला की नाही, हे त्यावरून कळते.

५. तारीख, किलोमीटर, काम आणि खर्च यांची एक वही ठेवा. घरातील शिकलेल्या मुलीकडे किंवा मुलाकडे हे काम सोपवा. गाडी विकताना हीच वही चांगली किंमत मिळवून देते.

६. दर महिन्याला दुरुस्तीसाठी थोडी रक्कम बाजूला टाका. म्हणजे ऐन वेळी सावकाराचे दार ठोठवावे लागत नाही.

फसवणूक झाली तर गप्प बसू नका. बिल मागूनही न देणे, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. तेथे निभावले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मात्र हाती बिल हवे. तोंडी व्यवहाराला पुरावा नसतो.

शेवटी, गॅरेज चालवणाऱ्या आपल्या भावांसाठी दोन शब्द. आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा कोर्स करून किंवा उस्तादाच्या हाताखाली राहून शिकलेली कितीतरी मुले आज स्वतःचे गाळे चालवीत आहेत. त्यांचा हात चांगला असतो, पण कागद कच्चा असतो. त्यांनी छापील बिलबुक ठेवावे, कामाची लेखी हमी द्यावी, तीन-चार जण मिळून एक स्कॅनर घ्यावा आणि नव्या इंजेक्शन गाड्यांचे काम शिकून घ्यावे. ग्राहकानेही केवळ बोर्ड पाहून सेंटरला पळू नये किंवा केवळ मजुरी कमी म्हणून कुणाच्याही हाती गाडी देऊ नये. काम कोणते आहे ते आधी ओळखावे, दोन ठिकाणी विचारावे आणि पक्के बिल देणाऱ्या, हिशेब उघड ठेवणाऱ्या कारागिराला धरून राहावे. मजुरीचा योग्य दाम त्याला जरूर द्यावा.