आधी गाडी, मग गुडघा

अथणी, गुडघा. जत, कंबर. उगार, खांदा. कवठे, दोन्ही गुडघे.

लाल पुठ्ठ्याच्या लांबट रजिस्टरात हे असं ओळीनं लिहिलेलं होतं. नाव कुणाचंच नाही. मावशीचा गुडघा दाखवायला मिरजेच्या एका हाडांच्या दवाखान्यात गेले होते, तेव्हा काउंटरवर वाकून ते वाचलं आणि नावं का नाहीत म्हणून विचारलं. आतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "पाटील म्हणून हाक मारली की निम्मा हॉल उठतो. गावाचं नाव घेतलं की एकच उठतो."

मावशीच्या गुडघ्याचं काय व्हायचं ते झालं. रजिस्टर मात्र डोक्यातून जाईना. डॉक्टरांना विचारलं, ते हो म्हणाले आणि काउंटरच्या आतल्या बाजूला मला एक स्टूल मिळालं.

मिरजेत दवाखान्यांची कमी नाही. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी 1894 मध्ये इथं रुग्णालय सुरू केलं, 1962 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि या दोहोंच्या आजूबाजूला गल्लोगल्ली डॉक्टरांच्या पाट्या लागत गेल्या. त्यात हे रेल्वेचं जंक्शन. पुण्याची, कोल्हापूरची, बेळगावची आणि पंढरपूरची अशा सगळ्या गाड्या इथं येतात. कुडची, रायबाग, उगारच्या माणसाला दुखणं वाढलं की मिरजच आठवते. स्टेशनाबाहेर रिक्षावाला "कुठल्या डॉक्टरांकडं?" असं विचारतो आणि उत्तर ऐकून कधीकधी दुसरंच नाव सुचवतो. त्या सुचवण्यात कधी अनुभव असतो, कधी आणखी काही. परगावच्या माणसाला ते ओळखायचं कसं?

काउंटरमागच्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. मराठी पेशंटही, कानडी पेशंटही, आणि खुद्द डॉक्टरही. वय पन्नाशीच्या पुढचं, चष्मा दोरीला अडकवलेला. वीस-बावीस वर्षं त्या याच खुर्चीत आहेत. डाव्या हाताला दोन फोन, उजवीकडे एक्स-रेच्या पाकिटांची चवड, मागच्या खोलीतून येणारा ओल्या प्लास्टरचा वास. थंडगार, चुन्यासारखा हा वास सकाळी जाणवतो आणि दुपारपर्यंत आपल्या कपड्यांना येऊ लागतो. अक्कांना तो येतच नाही म्हणे.

"सर चाळीस बघतात," हे त्यांनी मला पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं. दहा ते दोन, चाळीस. मी मनात भागाकार केला. माणशी सहा मिनिटं. या सहा मिनिटांत म्हातारीनं दारातून टेबलापर्यंत चालत जायचं, चढायचं, लुगडं गुडघ्यावर घ्यायचं, कुठं दुखतं ते दाखवायचं, सुनेनं मध्येच तिसरं काहीतरी सांगायचं, डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरायची आणि वर गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावायचं. सहा मिनिटं.

चाळीसातले वीस फोनवर. आठ वाजता फोन उघडतो आणि सव्वाआठला वीस भरलेले असतात. पंधरा नंबर दारात येणाऱ्यांना. पाच अक्का हातात ठेवतात, कुणी पडून झडून आलं, गावाकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आलं, तर त्यांच्यासाठी. आधीच्या कागदावर पंधरा दिवसांत परत आलं तर पैसे नाहीत, त्यामुळं पंधराव्या दिवशी येणाऱ्यांची वेगळीच झुंबड. कागद केला, पैसे घेतले, वजन केलं, बसवलं. हे काम कुठल्याही दवाखान्यात चालतं तसंच.

मी पाहत राहिले ते त्यांचा पहिला प्रश्न. कुठल्याही दवाखान्यात आपल्याला आधी नाव विचारतात, मग काय होतंय ते. अक्का विचारतात, "कुठनं आलाय?" आणि लगेच, "परत जायची गाडी कितीची?" कानडी माणूस असेल तर "याव ऊर्री?" म्हणून सुरुवात, पुढं गाडी तीच. त्या उत्तरावर नंबर ठरतो. पहिला आला म्हणून पहिला, असं तिथं नाही. जतच्या पुढच्या वाडीला जाणारी एसटी चुकली तर कंबर धरून आलेल्या बाईला मिरजेच्या स्टँडवर रात्र काढावी लागेल, म्हणून ती आधी. पेन्सिलीनं गावासमोर बारीक अक्षरात गाडीची वेळ लिहिलेली असते. मला आधी वाटलं होतं ती औषधाची वेळ आहे.

हे सगळ्यांना पटत नाही. साडेदहाच्या सुमारास सांगलीचे एक गृहस्थ मोबाइल पुढं धरून उभे राहिले. "माझा नंबर ॲपवर घेतलाय. दहा-वीसचा. आता दहा-चाळीस झाले."

"बसा की साहेब. दोघंच आहेत पुढं."

"मग ॲप कशाला ठेवलंय तुम्ही?"

प्रश्न चुकीचा नव्हता. डॉक्टरांच्या मुलानं वर्षभरापूर्वी ते बसवून दिलंय. त्यात प्रत्येकाला वेळ मिळते, आठवणीचा मेसेज जातो, भिंतीवरच्या पडद्यावर आकडा झळकतो. शहरातल्या, नोकरीवरून अर्धी रजा टाकून आलेल्या माणसाला त्याचा खरंच उपयोग आहे आणि त्याचा वेळही फुकटचा नाही. पण ॲपला एसटी कळत नाही. अक्का दोन्ही चालवतात. पडद्यावर एक क्रम, रजिस्टरात दुसरा. दोन्हींचा मेळ त्या तोंडानं घालतात. गृहस्थ अकराला आत गेले, बाहेर आले तेव्हा चिडलेलेच होते. मला त्यांची बाजू कळली. तरी स्टुलावर बसून मी मनातल्या मनात जतच्या बाईचीच गाडी मोजत होते, हे कबूल करायला हवं.

पुन्हा पुन्हा आठवतो तो मात्र निळ्या शर्टातला माणूस. पस्तिशीचा असेल. उजव्या बाजूला कमरेवर हात दाबून आला, "कंबर लई दुखतीय" म्हणाला, गाव सांगितलं आणि बसला. बसला म्हणजे टेकला. लगेच उठला. दारापर्यंत गेला, परत आला, भिंतीला कपाळ लावलं, पुन्हा बसला. हॉलमध्ये इतर आठ-दहा कंबरा होत्या आणि त्या सगळ्या आपापल्या खुर्चीत लाकडासारख्या ताठ. अक्कांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं.

"लघवीला जळजळ हाय का?"

तो गडबडला. बायकोनं मान हलवली. उलटीही झाली होती म्हणाली.

अक्का उठल्या, आत जाऊन डॉक्टरांच्या कानाशी काही बोलल्या. पेशंट सोडून डॉक्टर दारात आले, त्याच्या बरगडीखाली मागच्या बाजूनं हलकेच मूठ मारली. तो कळवळला. डॉक्टरांनी तिथंच उभ्यानं समोरच्या गल्लीतल्या मूत्ररोगतज्ज्ञाच्या नावे दोन ओळी लिहिल्या. कागदाचे पैसे अक्कांनी घेतले नाहीत.

"हाडाचं दुखणं असलं की माणूस हलत न्हाई," त्या मला नंतर म्हणाल्या. "हलला की जास्त दुखतं. खड्याचा माणूस बसत न्हाई. त्याला कुठंच बरं वाटत न्हाई." वैद्यकीच्या पुस्तकात मुतखड्याच्या कळेचं हेच लक्षण दिलेलं असतं. अक्कांनी पुस्तक पाहिलेलं नाही, खुर्च्या पाहिल्यात.

आपण ज्याला योग्य डॉक्टर निवडणं म्हणतो ते बऱ्याचदा असंच, काउंटरवर होतं. पेशंट अवयवावर बोट ठेवतो आणि त्या बोटावरून डॉक्टर शोधतो. कंबर दुखते म्हणून हाडांचा, छातीत जळजळ म्हणून पोटाचा. बोट चुकलं तर सहा मिनिटं, कागदाचे पैसे आणि गाडी, तिन्ही जातात. मोठ्या रुग्णालयांत हे वर्गीकरण करायला शिकलेली माणसं असतात. इथं बारावीपर्यंत शिकलेल्या, महिना पगारावर असलेल्या एका बाई आहेत. त्यांचं चुकलं तर? मी विचारलं. "म्हणून तर मी सांगत न्हाई कुणाला काय झालंय ते. मी फक्त विचारते. सांगायचं सरांनी." हे उत्तर मला पुरेसं वाटलं नाही. आणि त्यांच्याशिवाय तो माणूस बारा वाजेपर्यंत भिंतीला कपाळ लावून उभा राहिला असता, हेही दिसत होतं.

एक वाजता खुब्याचं हाड मोडलेल्या आजोबांचा मुलगा काउंटरवर आला. ऑपरेशनला किती लागतील? अक्कांनी आकडा सांगितला नाही. "रेशनकार्ड कुठल्या रंगाचं? आयुष्मान कार्ड काढलंय?" 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावानं काही जिल्ह्यांत सुरू झालेली आणि पुढं महात्मा फुल्यांचं नाव लागलेली जनआरोग्य योजना सगळ्याच दवाखान्यांत चालत नाही. या दवाखान्यातही नाही. हे बहुतेक घरांना दाखल झाल्यावर कळतं. अक्कांनी एका चिठ्ठीवर योजनेतल्या रुग्णालयाचं नाव लिहिलं. "तिथं आरोग्यमित्र म्हणून टेबल असतंय, आधी तिथं जावा. दाखल करायच्या आधी." मालकाचं गिऱ्हाईक घालवताय की, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "सर तिथंबी ऑपरेशन करतात."

दोन वाजून गेले तरी हॉलमध्ये माणसं होती. रजिस्टरात चाळीसच्या खाली अक्कांनी पट्टीनं आडवी रेघ मारली होती, आणि रेघेखाली आणखी सहा गावं होती. प्रत्येकासमोर 'रि.'

डॉक्टर हात पुसत बाहेर आले. "किती झाले अक्का आज?"

"चाळीस, सर."

त्यांनी रेघेखाली पाहिलं.

"ते रिपोर्ट दाखवायला आलेत," अक्का म्हणाल्या आणि पुढच्याला हाक मारली, "कागवाड, खांदा!" खांद्याच्या हातात कुठलाच रिपोर्ट नव्हता. त्याची गाडी पावणेतीनची होती.