जुनी बुलेट, झेनॉनचा झोत आणि हर्था आयर्टन

टिटवाळ्याहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. घरात वडिलांची 1970 च्या दशकातली बुलेट आहे. इंजिनाचं काम झालं, रंग झाला, क्रोम चढवून झालं. पण रात्री कल्याणहून मुरबाड रस्त्याने गोवेलीमार्गे घरी येताना हेडलाइटच्या पिवळट उजेडात खड्डा दिसतो तो चाक त्यात गेल्यावरच. मेकॅनिक म्हणतो, एचआयडी किट बसवून टाका, दिवसासारखं दिसेल. बसवावं का, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर सरळ आहे: मूळ रिफ्लेक्टर आणि मूळ काच ठेवून फक्त बल्बच्या जागी एचआयडी बसवू नका. कारण मात्र दोन ओळींत संपणारं नाही. त्यात विजेच्या ठिणगीचा दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि जिचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही अशी एक थोर शास्त्रज्ञही आहे.

आधी जुना दिवा मंद का, ते पाहू. त्या काळातल्या बुलेट, येझदी, राजदूत या गाड्या बहुतेक 6 व्होल्टच्या. 35 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर सुमारे 3 अँपिअर प्रवाह घेतो, तर 6 व्होल्टवर जवळपास 6 अँपिअर. प्रवाह दुप्पट झाला की वायरमध्ये, स्विचच्या गंजलेल्या पत्तीत आणि ढिल्या अर्थिंगमध्ये वाया जाणारे व्होल्टही दुप्पट होतात. त्यात तापलेल्या तारेच्या बल्बचा स्वभाव असा की व्होल्टेज थोडं जरी घसरलं तरी उजेड फार घसरतो. व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताने तो बदलतो. म्हणजे होल्डरपर्यंत 6 ऐवजी 5.4 व्होल्ट पोचले, तर तूट 10 टक्क्यांचीच, पण उजेड उरतो जेमतेम 70 टक्के. पाच व्होल्ट पोचले तर निम्म्याच्या आसपास. पन्नास वर्षांच्या वायरिंगमध्ये अर्धा-पाऊण व्होल्ट सहज हरवतो. पुष्कळ जुन्या गाड्यांच्या अंधाराचं मूळ बल्बात नसतं. ते डिप्पर स्विचमध्ये आणि हेडलाइटच्या डब्यातल्या काळ्या पडलेल्या जोडांत असतं.

आता एचआयडी. यात तार नसते. क्वार्ट्झच्या इवल्याशा कुपीत झेनॉन वायू, धातूंचे क्षार आणि बहुतेक प्रकारांत किंचित पारा भरलेला असतो. दोन इलेक्ट्रोडांमध्ये अंतर असतं चारेक मिलिमीटर. सुरुवातीला 20 हजार व्होल्टहून मोठा झटका देऊन त्या फटीत ठिणगी पाडली जाते. मग क्षारांची वाफ होते आणि ठिणगीचा स्थिर, झगझगीत कंस तयार होतो. मोटारीत हा दिवा पहिल्यांदा आला 1991 मध्ये, बीएमडब्ल्यूच्या 7 सीरीजमध्ये. मूळ कंपनीचा 35 वॅटचा असा दिवा सुमारे 3000 ल्युमेन देतो. आपल्या मोटारसायकलींत सर्रास असणारा तेवढ्याच वॅटचा एचएस-1 हॅलोजन बल्ब अप्परवर 800 च्या आसपास. तेवढ्याच विजेत जवळजवळ चौपट उजेड. मेकॅनिकच्या बोलण्यात या बाबतीत काही खोट नाही.

पण ठिणगी हे प्रकरण तारेसारखं गुणी नाही. तारेतला प्रवाह वाढला की ती तापते, तिचा रोध वाढतो आणि ती स्वतःला आवर घालते. ठिणगीचं बरोबर उलट. प्रवाह वाढला की वायू अधिक आयनीभूत होतो, वाट अधिक मोकळी होते आणि प्रवाह आणखी वाढतो. भाताच्या खाचराचा बांध फुटतो तेव्हा असंच होतं: भगदाडातून पाणी जितकं जाईल तितकं भगदाड रुंदावतं, आणि ते रुंदावलं की पाणी आणखी मुसंडी मारतं. म्हणून ठिणगीच्या प्रत्येक दिव्याला प्रवाहावर लगाम ठेवणारा सोबती लागतो. घरातल्या जुन्या ट्यूबलाइटचा चोक हे काम करतो; एचआयडीत तेच काम ज्या चपट्या डबीकडे असतं तिला बॅलास्ट म्हणतात.

ठिणगीचा हा उलटा स्वभाव कसोशीने मोजून, समीकरणात बसवून जगापुढे ठेवला तो हर्था आयर्टन यांनी. जन्म 1854, इंग्लंडमध्ये पोर्ट्समथजवळ. वडील पोलंडहून आलेले ज्यू घड्याळजी. ही सात वर्षांची होण्याच्या सुमारास वारले. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात तिने गणित केलं, पण त्या काळी केंब्रिज बायकांना पदवी देत नसे. पुढे तिने विजेचे प्राध्यापक विल्यम आयर्टन यांच्याशी लग्न केलं. विल्यम तरुणपणी भारतातल्या तार खात्यात नोकरी करून गेलेले. 1893 मध्ये ते शिकागोच्या वीज परिषदेला गेले असताना कार्बन आर्कवरच्या त्यांच्या प्रयोगांचं हस्तलिखित तिथे जळून गेलं. ते काम मग हर्था यांनी पहिल्यापासून हाती घेतलं आणि पुरतं आपलं केलं.

त्या वेळी रस्त्यांवर, दीपगृहांत, युद्धनौकांच्या सर्चलाइटमध्ये कार्बनच्या दोन कांड्यांमधली ठिणगी जळत असे. ती मध्येच फुत्कारायची, रंग बदलायची, थरथरायची. सगळ्यांना त्रास होता, कारण कोणालाच माहीत नव्हतं. हर्था यांनी कांड्यांमधलं अंतर, प्रवाह आणि व्होल्टेज यांची चिकाटीने मोजमापं घेतली आणि तिघांना जोडणारं समीकरण मांडलं. फुत्काराचा उलगडाही त्यांचाच. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की धन कांडीच्या टोकावरचा तप्त खळगा इतका पसरतो की तो टोकावर मावत नाही, कडेवर उतरतो. तिथे त्याला बाहेरची हवा भिडते, ऑक्सिजन कार्बनला जाळतो आणि फुत्कार सुरू होतो. त्याच क्षणी व्होल्टेज एकदम दहाएक व्होल्टने कोसळतं. मग त्यांनी ठिणगी बंदिस्त करून हवा तोडली. फुत्कार थांबला. कारण शोधायचं, आणि मग ते कारण काढून घेऊन परिणाम जातो का ते पाहायचं: प्रयोग असा असतो.

1899 मध्ये हा निबंध त्यांनी लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेत स्वतः वाचला. तिथे स्वतःचा निबंध वाचणारी ही पहिली स्त्री. त्याच वर्षी त्या संस्थेच्या पहिल्या महिला सभासदही झाल्या. 1901 मध्ये रॉयल सोसायटीत मात्र त्यांचा निबंध जॉन पेरी यांना वाचावा लागला, कारण तिथे बाईने उभं राहून वाचण्याची सोय नव्हती. 1902 मध्ये फेलोशिपसाठी नाव सुचवलं गेलं, तेव्हा विवाहित स्त्री कायद्याने पात्रच ठरत नाही असा वकिलांचा सल्ला आला आणि नाव मागे पडलं. 1906 मध्ये त्याच सोसायटीने त्यांना ह्यूज पदक दिलं. म्हणजे काम थोर, पण ते करणारीला दार बंद. स्त्रियांना ते दार उघडायला 1945 साल उजाडलं. हर्था 1923 मध्येच गेल्या होत्या.

आपल्याकडे ही ठिणगी कित्येकांनी न ओळखता पाहिली आहे. जत्रेतल्या तंबू थिएटरांत आणि गावोगावच्या चित्रपटगृहांत प्रोजेक्टरच्या पोटात कार्बनच्या कांड्या जळत. त्या जळून आखूड होत तशा पुढे सरकवत राहणं हे ऑपरेटरचं कसब. अंतर चुकलं की पडदा अंधारायचा आणि शिट्ट्या सुरू व्हायच्या. पुढे कार्बन गेला, प्रोजेक्टरमध्ये बंद कुपीतला झेनॉन दिवा आला. मोटारीतला एचआयडी त्याच कुळातला. टिटवाळ्याच्या दुकानात किटच्या खोक्यात जो बॅलास्ट मिळतो, तो लागतो ते हर्था आयर्टन यांनी मोजून दाखवलेल्या स्वभावापायी.

हाच बॅलास्ट जुन्या बुलेटमध्ये पहिली अडचण उभी करतो. त्याला 12 व्होल्टची स्थिर, एका दिशेची वीज लागते. 6 व्होल्टवर तो सुरूच होणार नाही. मॅग्नेटोच्या काही जुन्या गाड्यांत हेडलाइटला बॅटरी लागतच नाही. कॉइलमधून येणाऱ्या, दिशा बदलत राहणाऱ्या विजेवर दिवा चालतो आणि रेस वाढवली की उजेड वाढतो. ती वीज थेट दिली तर बॅलास्ट निकामी व्हायची शक्यता दाट. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या काही गाड्यांत बॅटरीचं धन टोक चासीला जोडलेलं असतं. नेहमीच्या सवयीने वायर जोडल्या तर किट पहिल्याच मिनिटाला जातो. शिवाय सुरुवातीची काही सेकंद हा दिवा 35 वॅटच्या दुपटीइतकी वीज ओढतो. जुना अल्टरनेटर हा भार पेलत नाही. बॅटरी हळूहळू बसते.

हे सगळं पैसे खर्च करून बदलता येईल. पण दुसरी अडचण वायरिंगने सुटत नाही, कारण ती भूमितीची आहे. दोन तारांचा बल्ब 1925 च्या सुमारास ऑसरामने बायलक्स नावाने आणला. 1971 मध्ये आलेला एच-4 हॅलोजन त्याचाच वंशज. डिप्परची तार रिफ्लेक्टरच्या नाभीच्या किंचित पुढे असते आणि तिच्या खाली धातूची छोटी वाटी असते. वाटीमुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्यावर पडतो, आणि तिथून निघणारा प्रत्येक किरण खाली, रस्त्याकडे जातो. खालच्या अर्ध्यावर उजेड पडला असता तर तो वर, समोरच्याच्या डोळ्यात गेला असता. एक जुना एच-4 बल्ब हातात घेऊन उजेडाकडे धरा: पुढच्या तारेखाली ती चकचकीत वाटी दिसेल. समोरून येणाऱ्याचे डोळे तिच्यामुळे वाचतात.

एचआयडी किटच्या कुपीत तारेची ती अचूक जागा नसते. वाटी बहुधा नसते, असली तरी दूर कुठेतरी असते. ठिणगी तारेसारखी सरळही नसते. तापलेला वायू वर चढतो म्हणून ती कमानीसारखी वाकते, आणि तिचा सर्वात झगझगीत भाग इलेक्ट्रोडांजवळ, दोन टोकांना असतो. मिलिमीटरभर जागा हलली की वीस-पंचवीस मीटरवर झोताचा आकारच फिसकटतो. चौपट उजेड तयार होतो खरा, पण त्यातला मोठा वाटा झाडांवर, पाट्यांवर आणि समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याच्या डोळ्यांत जातो. शिवाय एका ठिणगीतून अप्पर आणि डिप्पर दोन्ही मिळत नाहीत. स्वस्त किटमध्ये चुंबकाने कुपी मागेपुढे सरकवतात. आधीच ढिली असलेली जागा आणखी ढिली होते.

चालवणाऱ्याला मात्र वाटतं, काय लख्ख दिसतंय! चाकापुढचा रस्ता इतका उजळतो की डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, आणि लांबवरचा अंधार होता त्याहून गडद होतो. पुढे पाहण्याची क्षमता कमी होते आणि समाधान वाढतं. समोरच्याची स्थिती त्याहून वाईट. डोळ्यात शिरलेला तीव्र उजेड बुबुळामागच्या भिंगात विखुरतो आणि पडद्यासारखा पसरतो; वय वाढेल तसं हे विखुरणं वाढतं. ताशी 50 किलोमीटरने जाणारा माणूस सेकंदाला जवळपास 14 मीटर कापतो. तीन सेकंद डोळे दिपले तर 40 मीटर रस्ता त्याने न पाहता ओलांडला. पावसाळ्यात तर ओला डांबरी रस्ता आरशासारखा वागतो: तुमचा उजेड तुमच्याकडे परत येत नाही, पुढे जाऊन समोरच्याला लागतो.

6000 किंवा 8000 केल्विनचा निळसर दिवा अधिक ताकदीचा, ही समजूतही सोडून द्यावी. मूळ कंपनीच्या झेनॉन दिव्याचा रंग 4200 केल्विनच्या आसपास असतो. त्यापुढे निळा रंग वाढतो, पण उपयोगी उजेड घटतो. पिवळा दिवा धुकं भेदतो, हेही पूर्ण खरं नाही. माळशेजच्या धुक्यातले थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. धुक्यात कामी येतो तो खाली आणि रुंद पडणारा झोत.

कायदाही झोताच्या दिशेचाच विचार करतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 106 सांगतो: दिव्यापासून 8 मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला तो दिव्याने दिपता कामा नये. शिवाय 2021 पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते, पण त्यासाठी तिचं मूळ रूप टिकलेलं असावं लागतं. ज्यांची बुलेट त्या वयाची आहे त्यांनी हे लक्षात ठेवूनच हेडलाइटला हात लावावा.

मग करायचं काय? बॅटरीपासून हेडलाइटपर्यंत जाड वायर आणि मध्ये रिले घाला, म्हणजे दिव्याचा प्रवाह जुन्या स्विचमधून जाणार नाही. अर्थिंगचे जोड घासून घट्ट करा. रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर त्याला क्रोम करू नका: क्रोम दिसायला चकचकीत असलं तरी उजेडाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक गिळून टाकतं, निर्वातात चढवलेला अॅल्युमिनियमचा थर बराच कमी गिळतो. काच युरोपातून मागवत असाल तर ती डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठीच आहे ना, हे तपासा. तिकडच्या बहुतेक काचांचा झोत उजवीकडे वर चढतो, म्हणजे आपल्याकडे थेट समोरच्यावर. त्यानंतरही उजेड कमी वाटला तर जाणकाराकडून 12 व्होल्टचं रूपांतर करून घ्या आणि चांगल्या कंपनीचा हॅलोजन लावा. एचआयडीच हवा असेल तर तो त्याच्यासाठीच बनवलेल्या, स्वतःचं भिंग आणि झोत कापणारी पट्टी असलेल्या प्रोजेक्टरमध्ये बसवावा, जुन्या वाडग्यात नव्हे.

पण या सगळ्याआधी एक काम करा. हर्था आयर्टन यांनी ठिणगीबद्दल मत बनवण्याआधी तिचं व्होल्टेज मोजलं होतं. इंजिन चालू ठेवा, दिवा लावा आणि मल्टिमीटरची दोन टोकं बल्बच्या होल्डरवर टेकवा. मग तीच बॅटरीवर टेकवा. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टचा फरक निघाला, तर तुमच्या हेडलाइटचं दुखणं सापडलं, आणि त्यावरचा उपाय किटच्या खोक्यात नाही.